सहीवालं रान

माझी आई गडमुडशिंगीतल्या बायकांच्या एका टोळीची मुकादम आहे. टोळी भांगलणीची. पिकात तण माजलं की बायका खुरपी घेऊन रांगेनं बसतात आणि तण काढत काढत पुढं सरकतात, त्याला आमच्याकडं भांगलण म्हणतात. पण ते आपलं नावाला. उसाची लावण, शेंगा तोडणं, सोयाबीनची काढणी, ज्या महिन्यात जे येईल ते टोळी करते. मालक रोज वेगळा, रान रोज वेगळं. सकाळी चहा उकळत असतानाच आईचा फोन वाजायला लागतो आणि आज कुणाच्या बांधावर जायचं ते तिथंच ठरतं. हंगामात डोकं खाजवायला फुरसत नसते. हंगाम सरला की त्याच बायका दारात बसून वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवतात.

बारावीपर्यंत दर सुट्टीत मीही टोळीबरोबर जात होते. आता कोल्हापुरात एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. दुकान सरकारी कचेरीच्या समोर आहे, त्यामुळं झेरॉक्सपेक्षा ऑनलाइन अर्जांचीच गर्दी जास्त. दिवसभर मी लोकांना "अंगठा नीट ठेवा, हलवू नका" असं सांगत असते. दुकानात मी 'करते, जाते' म्हणते. गावच्या फाट्यावर बसमधून उतरले की माझं 'करतो, जातो' सुरू होतं. आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. पुण्यामुंबईच्या माणसाला ते ऐकून हसू येतं. मला दोन्ही जमतं.

एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. गावोगाव फिरून मजुरांसाठी काम करणाऱ्या होत्या. त्यांच्याकडं एक पत्रक होतं, त्याच्या भरपूर प्रती हव्या होत्या. मशीनमधून पानं बाहेर पडत होती आणि मी उभ्या उभ्या ती उलटी वाचत होते. हंगामी किंवा रोजंदारीवर राबणाऱ्या शेतमजुरांसाठी योजना. थोडासा हप्ता भरायचा. शेतात अपघात झाला तर विमा. बाळंतपणात मदत. म्हातारपणी पेन्शन. मी हातातलं काम थांबवून त्यांना विचारलं, "हे भांगलणीला जाणाऱ्या बायकांना पण मिळतं?"

"त्यांच्यासाठीच तर आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याच येत नाहीत."

मी एक प्रत जास्तीची काढली आणि घरी नेली.

त्या संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर टोळी जमली. चहा झाला. मी पत्रक वाचून दाखवलं. एवढ्या बायका एकत्र गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच बघत होते. मग मी म्हटलं, आधी सराव करू. कचेरीत साहेब विचारेल तसं मी विचारतो, तुम्ही उत्तरं द्या. पहिला नंबर चाचीचा. चाचीचं माहेर गडहिंग्लजकडचं, तिचा नवरा कोल्हापुरात गाद्या भरायचं काम करतो. टोळीत तिच्याइतक्या झपाट्यानं पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, धरणारी दुसरी नाही. मी साहेबाचा आवाज काढून विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?"

"काय न्हाय," चाची म्हणाली. "घरीच असतो की."

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आजी हसायला लागली. आजी म्हणजे टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई. तिचं हसणं खोकल्यासारखं सुरू होतं आणि थांबता थांबत नाही. मग सगळ्याच हसायला लागल्या.

"अगं, घरी असतीस तर सकाळी रानात कोण असतंय? तुजं भूत?" आई म्हणाली.

चाचीनं तोंडाला पदर लावला. "आता कोण बी विचारलं तर तसंच सांगायची सवय झालीया. शाळंत पोरांच्या मास्तरनं विचारलं, तवा बी तेच सांगितलं. दवाखान्यात बी तेच."

मग एकेकीनं सांगितलं. सगळ्यांनी आजवर तेच सांगितलं होतं. रेशनकार्डावर, बँकेत, पोराच्या दाखल्यावर, सगळीकडं घरीच असतो, काय न्हाय. आईनंसुद्धा. मुकादम बाई, जिच्या फोनवर निम्म्या गावाची शेती हलते, तीसुद्धा कागदावर घरीच होती. त्या संध्याकाळी मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि त्या एकापाठोपाठ एक "शेतमजूर" म्हणत राहिल्या, शाळेत पाढे म्हणावेत तशा. समोरच्या घरातली माणसं दारात येऊन बघायला लागली.

अडचण एकच होती. वर्षभर शेतात काम केल्याचा दाखला लागत होता. कारखान्यातल्या कामगाराला मालक एक असतो. आमच्या बायकांना मालक अख्खं गाव. मी ग्रामसेवकांना जाऊन भेटले. माणूस चांगला होता. म्हणाला, "दाखला मी लगेच देतो. फक्त ज्याच्या शेतात काम केलं त्या शेतकऱ्यानं तसं लिहून सही दिली पाहिजे. नाहीतर मी कशाच्या आधारावर देऊ?"

मला वाटलं, हे तर सोपं आहे.

रविवारी सकाळी मी आणि आई अण्णांकडं गेलो. अण्णा म्हणजे गावातल्या जुन्या जैन घरातले मोठे शेतकरी. टोळी वर्षातले सगळ्यात जास्त दिवस त्यांच्याच रानात असते. माणूस कडक बोलणारा, पण मजुरी कधी थकवली नाही, आणि त्यांच्या घरच्या काकू रानातल्या बायकांना चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. तसा तो आम्हालाही मिळाला. आईनं सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते. सहीचं नाव निघालं तशी त्यांनी बशी खाली ठेवली.

"सही तेवढी मागू नगा," ते म्हणाले. "दुसरं काय पायजे ते बोला."

"का वं अण्णा? आमी काय खोटं लिवा म्हणत न्हाय."

"खोट्याचा प्रश्न न्हाय. आमच्या आज्जाच्या वेळंला कूळकायद्यात निम्मं रान गेलं. कोण कसतंय ते कागदावर आलतं म्हणून गेलं. आज्जा शेवटपर्यंत एकच सांगत हुता, रानात कोण राबतंय ते लिवून द्यायचं न्हाय."

"आमी रोजावर येतो, अण्णा. कुळं कशी हुणार आमी?"

"तुमी न्हाय हुणार, मला ठावं हाय. पर कागदाचं कुणी सांगावं?"

ते उद्धटपणे बोलले नाहीत, हे खरं. त्यांच्या तोंडावर भीती होती, आणि एवढ्या मोठ्या माणसाला घाबरलेलं बघून आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. काकूंनी आईच्या पिशवीत चार वांगी घातली आणि आम्ही निघालो.

बाकीच्या शेतकऱ्यांकडंही तीच गत. एकाला वाटत होतं, सही दिली की सरकार त्याच्याकडून काहीतरी वसूल करील. दुसरा म्हणाला, मुलाला विचारून सांगतो, मुलगा बेंगलोरला असतो. तिसरा म्हणाला, "अण्णांनी दिली का? त्यांनी दिली की मी देतो." सगळं गाव अण्णांकडं बघत होतं.

मी चिडले होते. आई चिडली नव्हती. अण्णांच्या घरावरून परत येताना ती त्यांच्या रानाजवळ थांबली आणि बराच वेळ बांधावर उभी राहिली. भुईमुगाचं रान. पावसानं नुकतीच उघडीप दिली होती आणि वेलांच्या मधूनमधून तण हिरवंगार वर आलं होतं.

"तण बघितलंस काय?" ती म्हणाली.

"बघितलं."

"मागच्या साली अण्णांनी औषध मारलं, तर शेंगाचंच रान पिवळं पडलं. औंदा मारणार न्हाईत." आणि ती हसत हसत पुढं चालायला लागली. मला तेव्हाही काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं टोळीला कट्ट्यावर बोलावलं आणि सांगितलं, "उद्यापास्नं जो सही दील त्याच्या रानात पयलं जायचं. बाकीची रानं नंतर. कुणाला शिव्या द्यायच्या न्हाईत, कुणाशी भांडायचं न्हाई. फक्त सहीवालं रान पयलं."

"आन् कुणीच सही दिली न्हाय तर?" चाचीनं विचारलं.

"तर घरात बसायचं. कागदावर घरीच असतो की आपण."

सगळ्या हसल्या, पण हसण्यात काळजी होती. भर हंगामात घरी बसणं म्हणजे काय ते मला सांगायला नको. टोळीत एक नवी सून होती, वर्षापूर्वीच लग्न होऊन गल्लीत आलेली. तिला अजूनही सगळ्याजणी नवरीच म्हणायच्या. ती हळूच म्हणाली, "माज्या सासूला कोण सांगणार?"

"मी सांगतो," आई म्हणाली.

सकाळी फोन वाजायला लागले. मी दुकानाला जायच्या आधी चपात्या लाटत होते आणि आई दारात उभी राहून बोलत होती. "व्हय, येतो की. सही दिली की येतो." फोन बंद. परत फोन. "रान तुमचंच हाय, आमास्नी कशाला पायजे? आमाला फक्त आमी तिथं राबतो एवढं लिवून पायजे." फोन बंद. एकजण बहुतेक ओरडत होता, कारण आईनं फोन कानापासून लांब धरला आणि शांतपणे वाट बघितली. मग म्हणाली, "झालं? मंग विचार करा आन् सांगा."

त्या दिवशी टोळी कुठंच गेली नाही. मी दुकानातून तीनदा फोन केला. आई म्हणाली, वाकळ शिवायला घेतलीय.

मी संध्याकाळी घरी आले तर कट्ट्यावर माळावरची आक्का बसली होती. आक्का एकटी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरी लग्न होऊन गेल्या. रस्त्याच्या कडेला तिचा सोयाबीनचा एवढासा तुकडा आहे, तो ती स्वतःच कसते आणि अडलं तरच टोळी बोलावते. ती येऊन बसली होती, अंगावर धुतलेलं लुगडं, आणि मला बघितल्याबरोबर म्हणाली, "आलीस? मला सही येती. कुठं करू सांग."

"आक्का, तुमाला भ्या वाटत न्हाय?" नवरीनं विचारलं.

"कशाचं? माजं रान एवढं. तेवढ्यात कूळ बसलं तर त्याला पाय पसरायला जागा मिळायची न्हाय."

तिनं सही केली. एकेक अक्षर दाबून, जीभ दातात धरून. आईनं तिला मिठीच मारली. मी आईला असं कुणाला मिठी मारताना कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी आक्काच्या तुकड्यावर उतरली. दुकानाला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. एवढ्याशा रानात एवढ्या बायका, खुरप्याला खुरपं लागत होतं. सगळ्या गाणी म्हणत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांच्या नकला करत होत्या. रान रस्त्याला लागून, त्यामुळं येणारा जाणारा प्रत्येक गाडीवाला थांबून बघत होता. दुपारच्या भाकरीआधीच आक्काचं सोयाबीन असं स्वच्छ झालं की ओळी कंगव्यानं विंचरल्यासारख्या दिसत होत्या. आक्का बांधावर उभी राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाली, "आता कोण बी येऊन बघा म्हणावं."

बघायला आले. त्याच दिवशी आणखी दोन लहान शेतकऱ्यांनी सह्या दिल्या. टोळी त्यांच्याकडं गेली. आणि त्यांची रानं अण्णांच्या रानाच्या दोन्ही बाजूंना होती.

मग एका सकाळी आमच्या दारात मोटरसायकल थांबली. अण्णा. मागं काकू. आई धुणं वाळत घालत होती. मी शेजारून खुर्ची आणली. अण्णा बसले आणि हातातली गाडीची किल्ली उलटीपालटी करत राहिले. शेवटी काकूच म्हणाल्या, "सांगा की आता."

"मी कोल्हापुरात वकिलाला विचारून आलो," अण्णा म्हणाले. "ग्रामसेवकाला बी विचारलं. रोजावर राबणारा मजूर कूळ हुत न्हाय म्हणाले दोघं बी."

"मी तर त्याच दिवशी सांगितलं हुतं," आई म्हणाली.

"तू सांगितलं हुतंस. पर आज्जानं दुसरं सांगितलं हुतं."

"आज्जाला जाऊन किती सालं झाली," काकू म्हणाल्या. "मी ह्यास्नी म्हटलं, जमीन जायची तवा जाईल, आधी शेंगा चालल्यात हातच्या." हे ऐकून अण्णाच पहिल्यांदा हसले, मग आम्ही सगळे.

बातमी गल्लीत पसरली. टोळीतल्या बायका एकेक करून अंगणात यायला लागल्या. अण्णांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि सही करायच्या आधी प्रत्येक कागद पूर्ण वाचायचा म्हणून बसले. कामाचं स्वरूप अशी एक जागा होती. त्यांनी तिथं 'भांगलण' लिहिलं.

"भांगलणच?" आई म्हणाली. "आन् उसाची लावण कुणी केली?"

त्यांनी 'लावण' लिहिलं.

"शेंगा तोडल्या त्या?" चाची.

"सोयाबीन कापलं ते?" नवरी.

"उसाचा पाला काढला, अंगाला पाल्याची काटेरी कूस लागली, ते?" मागून कुणीतरी.

अण्णा लिहीत होते. कागदावरची जागा संपली, त्यांनी कडेनं आडवं लिहायला सुरुवात केली. "आणि काय राह्यलं?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"तुमच्या लेकीच्या लग्नात दोन दिवस भाकऱ्या बडवल्या, ते बी लिवा," आजी म्हणाली.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता रागावणार. पण ते आजीकडं बघत राहिले. "हिचं काय लिवू?" ते काकूंना म्हणाले. "ही तर माज्या आधीपास्नं रानात हाय. मी शाळंत जाताना हिनं मला बांधावरनं उचलून वढ्यापलीकडं ठेवलंय."

"लई वजनदार हुतास," आजी म्हणाली.

त्या अंगणात नंतर जो गलका झाला तो मी कधी विसरणार नाही. अण्णांनी टोळीतल्या प्रत्येक बाईच्या कागदावर सही केली. आजीच्या कागदावर करताना त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि ती सही कुठं करतोय ते बोट ठेवून दाखवलं. आजीला वाचता येत नाही, पण तिनं वाकून नीट बघितलं आणि मान हलवली, जणू सही पास केली. दुपारी टोळी अण्णांच्या रानात होती. दोन दिवसांत गावातल्या बाकीच्या शेतकऱ्यांच्या गाड्या आमच्या दारात लागल्या. बेंगलोरच्या मुलाचा होकारही आला.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये नोंदणी झाली. माझ्या दुकानाच्या मालकांनी मला अंगठ्याचं मशीन घेऊन जायची परवानगी दिली आणि स्वतःही मदतीला आले. बायका अशा नटून आल्या होत्या की कुणाला वाटावं हळदीकुंकू आहे. खुरप्यानं आणि उसाच्या पातीनं हाताच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळं निम्म्याजणींचे अंगठे मशीन ओळखेना. मग डोळ्यांवरून ओळख पटवायची. आजीला मी म्हणाले, "आजी, डोळं जरा मोठं कर."

"एवढंच हायत ग माज्याकडं," आजी म्हणाली.

तिला बिचारीला हसू आवरेना आणि हसली की तिचे डोळे पार मिटायचे. आम्ही दोघी हसत होतो, मागची रांग हसत होती, ग्रामसेवक हसत होते. शेवटी आईनं तिच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं "साप!" म्हटलं, आणि आजीचे डोळे असे उघडले की मशीननं लगेच टिपले.

मी प्रत्येकीला विचारत होते, तुम्ही काय काम करता. चाचीची वेळ आली तेव्हा माझ्या विचारायच्या आधीच ती हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात "शेतमजूर" म्हणाली.

कार्डं छापून आली तेव्हा आम्ही ती प्लास्टिकमध्ये घालून दिली. चाचीनं ते घरी नेऊन नवऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "बघा, सरकारनं लिवलंय. मी कामावर जातो. आजपास्नं भाजी तुमी चिरायची." नवरा घरी आणलेली गादी भरत, कापसात हात घालून बसला होता. त्यानं कार्ड घेतलं, उजेडात धरून वाचलं, परत दिलं आणि विचारलं, कोणती भाजी? हे सांगताना चाची अजूनही खूश होते. तो अजूनही भाजी चिरतो, पण फार जाड चिरतो, असं तिचं म्हणणं आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला नवरी रानातच पात सोडून बांधाकडं पळाली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्याकडं बघूनच ओळखलं. संध्याकाळी आई तिच्या सासूकडं गेली. सासू वाईट बाई नव्हे. ती म्हणाली, "आमी नवव्या म्हैन्यापर्यंत खाली वाकून राबलो. काय झालं आमाला?"

"तुमाला काय झालं ते मला ठावं हाय," आई म्हणाली. "आन् तुमाला बी." सासूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिचं पहिलं बाळ रानातून घरी आल्यावर पोटातच गेलं होतं. गल्लीतल्या जुन्या बायकांना ते माहीत होतं, आम्हा पोरींना नव्हतं.

आई पुढं म्हणाली, "तवा आपल्यामागं कोण नव्हतं. आता तिच्या नावाचं कार्ड हाय. पोट वर आलं की ती घरी बसंल, आन् बसली म्हणून घर अडायचं न्हाय. तेवढ्यासाठीच केलंय हे."

बाळंतपणाच्या मदतीचा अर्ज मी भरला. बँकेतलं नाव आणि आधारवरचं नाव एका अक्षरानं वेगळं निघालं, म्हणून तो एकदा परत आला. मी नवरीला घेऊन बँकेत गेले, अक्षर सरळ करून घेतलं, अर्ज पुन्हा पाठवला. मदत मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी दुकानात होते. समोर माणूस अंगठा ठेवून बसला होता. मी त्याला म्हटलं, पावणं, एक मिनिट, आणि बाहेर रस्त्यावर येऊन घरी फोन केला. आई रानात होती. पलीकडून आधी खुरप्यांचा आवाज आला, मग तिनं तिथंच ओरडून सगळ्यांना सांगितलं, आणि मग जो कल्ला झाला त्यात मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

मार्चमध्ये तिचं डोहाळजेवण केलं. घरात नाही, रानात. ती सुट्टीवर होती, टोळी अण्णांच्या उन्हाळी भुईमुगात होती, आणि तिचं म्हणणं, मला घरात करमत न्हाय, माजं डोहाळं तिथंच लागल्यात. मग अण्णांच्या विहिरीजवळच्या आंब्याखाली पाट मांडला. झाडाला कैऱ्या लोंबत होत्या. चाचीनं फुलांचे दागिने केले, बाजूबंद, गजरा, कंबरपट्टा, सगळं. काकूंनी घरून पुरणपोळ्या आणि कटाची आमटी पाठवली. सासू स्वतः आली, तिनं पाच फळांनी ओटी भरली आणि तिचे डोळे भरून आले, पण ते तिनं धुरावर ढकललं. तिथं धूर कुठंच नव्हता.

दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या पुढं सरकून बसल्या. नवरीनं दोन्ही वाट्या उघडल्या आणि दोन्ही खाल्लं. वर कैरी मागितली.

मे महिन्यात मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, सकाळच्या वेळी, धडधाकट आणि भरपूर केस असलेली. आई आणि चाची रानाला न जाता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिल्या होत्या. बाळ दाखवायला बाहेर आणलं तेव्हा नर्सनं विचारलं, आजी कोण? आणि दोघीही उठल्या. सासू आधीच उभी होती. नर्सनं तिघींकडं बघितलं आणि बाळ जी सगळ्यात जवळ होती तिच्या हातात दिलं.

जुलैत पावसानं उघडीप दिली आणि भांगलणी सुरू झाल्या. नवरी अजून कामावर येत नव्हती, तिला घाईही नव्हती. पण एका रविवारी, मी टोळीबरोबर अण्णांच्या रानात होते तेव्हा, ती बाळाला दुपट्यात गुंडाळून नुसती दाखवायला घेऊन आली. पात तशीच टाकून सगळ्या उठल्या. चिखलाचे हात लुगड्याला पुसून एकेकीनं बाळाला घेतलं. कुणी नाक नवरीसारखं म्हणालं, कुणी तिच्या सासूसारखं. आजी म्हणाली, नशीब डोळं माज्यासारखं न्हाईत.

अण्णा बांधावरून येताना दिसले. लांबूनच त्यांचा आवाज आला. "ही काय कामाची वेळ हाय का जत्रंची?"

"बाळ आलंय, अण्णा!" चाची ओरडली.

ते जवळ आले. बाळाकडं बघितलं. बाळानंही त्यांच्याकडं बघितलं, कपाळाला आठ्या घालून, अगदी त्यांच्यासारख्याच. अण्णांनी काठी आंब्याला टेकवली. "द्या हिकडं," ते म्हणाले. "मी सांभाळतो. तुमी भांगला."

ते आंब्याखालच्या कट्ट्यावर मांडी घालून बसले. थोड्या वेळानं बाळानं त्यांचं धोतर भिजवलं. त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही, पण जेवण घेऊन आलेल्या काकूंनी बघितलं आणि त्या एवढ्या हसल्या की डबा खाली ठेवावा लागला. रांग पुन्हा बसली होती. नवरी बाळाच्या शेजारी पाय पसरून बसली होती आणि ती घरी बसल्यापासूनच्या गल्लीतल्या सगळ्या बातम्या आम्हाला तिथूनच ओरडून सांगत होती. आई मध्येच मागं वळून "मग पुढं काय झालं?" म्हणायची, आणि तिचं खुरपं तेवढ्यापुरतं थांबायचं.